नाकतोडे, गहू आणि औषधाची परीक्षा

मागच्या महिन्यात मोठ्या गटाला ‘माझ्या आईबाबांचे काम’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. आमच्या कन्येने पहिलीच ओळ लिहिली, ‘माझे आईबाबा किडे मोजतात.’ पुढच्या नऊ ओळी तिला सुचल्या नाहीत. वर्गाच्या ताई म्हणाल्या, “आता त्या नऊ ओळी तुम्हीच लिहा, अंकात छापू.” ताईंचा शब्द मोडवत नाही, म्हणून आम्ही उभयतांनी मिळून हा लेख लिहिला आहे. नऊ ओळींचे जरा जास्तच झाले आहे, त्याबद्दल झेरॉक्स काढणाऱ्या काकांनी रागावू नये.

आम्ही राहतो कॅन्ससच्या पश्चिम भागात. घराच्या तिन्ही बाजूंना गहू आणि चौथ्या बाजूला गवताळ माळ. आम्ही दोघेही शेतीच्या प्रयोगांवर काम करतो. गव्हावर नाकतोडे येतात, त्यांच्यावर कोणते औषध, किती प्रमाणात आणि कोणत्या वेळी मारले तर उपयोग होतो, हे तपासणे हे आमचे काम. किडे मोजणे हा त्यातला अर्धा भाग, म्हणजे कन्येने लिहिले ते अगदीच चूक नाही.

आधी नाकतोडा म्हणजे कोण ते पाहू. गवतातून टुणकन उडी मारतो तो नाकतोडा. त्याच कुळातल्या काही जाती गर्दी झाली की रंग आणि वागणे बदलतात, थवे करतात आणि शेकडो मैल उडत जातात. त्यांना आपण टोळ म्हणतो. ‘टोळधाड’ हा शब्द तिथूनच आला. आपल्याकडे जुन्या लोकांनी राज्यावर येणाऱ्या सहा संकटांची यादी केली होती. त्यात अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर यांच्याबरोबर टोळही होते. म्हणजे हे भांडण फार जुने आहे.

अमेरिकेच्या पश्चिम भागात नाकतोड्यांच्या जवळजवळ चारशे जाती आहेत. त्यातल्या पिकाला त्रास देणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्याच. बाकीचे बिचारे गवत आणि रानटी झाडपाला खाऊन पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅन्ससचा राज्यपक्षी मेडोलार्क आहे ना, त्याचे ते आवडते खाणे. तेव्हा ‘सगळे नाकतोडे मारा’ असे कोणी म्हटले तर ते आम्हाला पटत नाही.

पिकावरच्या नाकतोड्यांचे वर्ष असे असते. उन्हाळा संपताना मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून अंडी घालते आणि त्यांच्याभोवती फेसासारखा पदार्थ सोडते. तो वाळला की मातीची छोटी शेंग तयार होते. मोठे नाकतोडे कडाक्याच्या थंडीत मरतात, पण शेंगेतली अंडी हिवाळा काढतात. वसंतात पिल्ले बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ती बहुधा पाच वेळा कात टाकतात आणि मग पंख फुटतात. पिल्लू लहान असते तेव्हा त्याला आवरणे सोपे असते. पंख फुटले की ते आज तुमच्या शेतात, तर उद्या शेजाऱ्याच्या.

कॅन्ससच्या शेतकऱ्यांसमोर नाकतोड्याचे नाव काढले की ते १८७४ सालची गोष्ट सांगतात. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस रॉकी पर्वताकडून टोळांचे ढग आले. मका, भाजीपाला, झाडांची पाने, सगळे गेले. अवजारांचे लाकडी दांडेही त्यांनी कुरतडले, असे त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. रुळांवर टोळ चिरडून इतका निसरडा थर झाला की आगगाड्यांची चाके जागच्या जागी फिरू लागली. तुमच्यापैकी ज्यांनी लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ वाचले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. त्या पुस्तकातली टोळधाड मिनेसोटातली आहे, पण काळ तोच.

आता यातली गंमत ऐका. त्याच १८७४ साली रशियाच्या साम्राज्यातून मेनोनाइट पंथाची शेतकरी कुटुंबे कॅन्ससमध्ये आली. त्यांनी बरोबर ‘टर्की’ नावाच्या लाल गव्हाचे बियाणे आणले. हा हिवाळी गहू. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापायचा. टोळ आले जुलैअखेर, तोवर असा गहू कापून झालेला असतो. मका मात्र तेव्हा शेतात उभा. आज कॅन्सस गव्हासाठी प्रसिद्ध आहे, त्यामागची कारणे बरीच आहेत, पण टोळांच्या तावडीतून सुटणारे हे वेळापत्रक त्यातले एक. आपले गाव सोडून परक्या मुलखात आलेल्या माणसांनी गाठोड्यात बियाणे बांधून आणले, हे वाचले की आम्हाला आपलेपणा वाटतो. आपणही काहीतरी बांधून आणलेच आहे. शनिवार-रविवारी इथे येऊन आपण तेच पेरतो.

ज्या टोळाने १८७४ साली एवढा धुमाकूळ घातला तो रॉकी पर्वताचा टोळ आता पृथ्वीवर नाही. त्याचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ साली कॅनडात सापडला. तो नाहीसा का झाला यावर शास्त्रज्ञ अजून बोलतात. पर्वताखालच्या ज्या नदीकाठच्या जमिनीत तो अंडी घालत असे तिथे वस्ती आणि नांगर गेले, हे एक पटणारे कारण. लक्षात घ्या, त्याला कोणत्याही फवाऱ्याने संपवले नाही.

राहिले त्याचे चुलतभाऊ. त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकरी विषारी आमिष करत. गव्हाचा कोंडा, काकवी, पाणी, थोडा संत्र्या-लिंबाचा रस आणि त्यात पॅरिस ग्रीन, म्हणजे तांबे आणि आर्सेनिकचे हिरवे विष. हे मिश्रण पहाटे शेतात फेकत. कृती ऐकून एखाद्या लाडवाची आठवण होते, पण त्या लाडवाने कोंबड्या आणि गुरेही दगावत. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर नवी रसायने आली. त्यातली काही इतकी चिवट निघाली की माती-पाण्यात वर्षानुवर्षे राहिली आणि नंतर बंद करावी लागली. म्हणून ‘किडा मेला का?’ एवढाच प्रश्न आता पुरत नाही. आणखी काय मेले, विष किती दिवस टिकले, धान्यात उतरले का, हेही विचारावे लागते.

आता आमच्या कामाकडे येऊ. हिवाळी गहू आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरतात. आठवड्याभरात कोवळे हिरवे कोंब वर येतात. त्याच वेळी माळावरचे आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांमधले गवत वाळून पिवळे पडलेले असते. पंख फुटलेले, भुकेले नाकतोडे शेजारी बसलेले आणि समोर कोवळा गहू! ते शेताच्या कडेपासून आत खात येतात. मोठ्या गव्हाची चार पाने खाल्ली तर तो सावरतो. कोंब मात्र जमिनीलगत खाल्ला की पुन्हा कोंब, पुन्हा खाणे, आणि शेवटी रोप मरते. कडाक्याचा गारठा पडेपर्यंत हे चालते. शेत दुरून पाहिले तर मध्ये हिरवे आणि कडेला तपकिरी किनार दिसते, उलट्या काठाच्या लुगड्यासारखी.

औषधाची परीक्षा घ्यायची म्हणजे नुसते औषध मारून बघायचे नाही. समजा, सोमवारी फवारले आणि गुरुवारी नाकतोडे कमी झाले. ते औषधाने मेले, थंडीने मेले, की उडून गेले? हे कळण्यासाठी आम्ही शेताच्या कडेचे तुकडे पाडतो. काही तुकड्यांवर एक औषध, काहींवर दुसरे, आणि काहींवर काहीच नाही. कोणत्या तुकड्याला काय मिळणार हे आम्ही ठरवत नाही. भिशीची चिठ्ठी काढावी तशी चिठ्ठी काढतो. नाहीतर आवडते औषध चांगल्या जागी मारण्याचा मोह होतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी ही पद्धत बसवली. आज माणसांच्या औषधांची परीक्षाही याच चिठ्ठीच्या तत्त्वावर होते. प्रत्येक औषध निदान चार वेळा, वेगवेगळ्या जागी तपासायचे. एकदा लागलेला नेम म्हणजे नेमबाजी नव्हे.

मोजणी अशी करतो. चालता चालता काही पावले पुढची एक चौरस फूट जागा नजरेने पकडायची. तिच्यावरची नजर न हलवता सावकाश जवळ जायचे आणि तिथून किती नाकतोडे उडतात ते मोजायचे. अशा १८ जागा मोजायच्या आणि बेरजेला दोनाने भागायचे. उत्तर येते ते एका चौरस यार्डातले नाकतोडे. दोनानेच का? एका चौरस यार्डात किती चौरस फूट असतात ते आठवा, म्हणजे कोडे सुटेल. हे काम मुले मोठ्यांपेक्षा चांगले करतात, कारण त्यांची नजर जमिनीजवळ असते.

मग हिशेब. समजा, फवारणीआधी दोन्ही तुकड्यांत शंभर-शंभर नाकतोडे होते. तीन दिवसांनी औषधाच्या तुकड्यात २० उरले आणि बिनऔषधाच्या तुकड्यात ८०. घाईत आपण म्हणू, औषधाने ८० टक्के मारले. पण औषध न मारताही २० गेलेच होते ना? एरवी ८० उरले असते, तिथे २० उरले. ८० मधले ६० गेले, म्हणजे औषधाचे खरे श्रेय ७५ टक्के. अमेरिकी कृषिखात्यातल्या ॲबट यांनी १९२५ साली असा हिशेब करण्याचे सूत्र एका छोट्याशा लेखात मांडले. शंभर वर्षे झाली, आम्ही ते अजून वापरतो. ‘औषध न मारता काय झाले असते?’ हा त्यातला प्रश्न शेताबाहेरही उपयोगी पडतो. जाहिरात पाहताना विचारून बघा.

यात एक मोठी अडचण म्हणजे नाकतोडा उडी मारतो. आज या तुकड्यात, उद्या त्या. म्हणून आम्ही आणखी एक परीक्षा घेतो. फवारलेल्या गव्हावर जाळीचे पिंजरे ठेवायचे, त्यात मोजून नाकतोडे सोडायचे. फवारणीनंतर एक दिवसाने एक खेप, तीन दिवसांनी दुसरी, आठवड्याने तिसरी. औषधाचा जोर किती दिवस टिकतो ते त्यावरून कळते. काही औषधे त्याच दिवशी नाकतोडे पाडतात, पण थोड्याच दिवसांत विरतात आणि माळावरून नवी फौज येते. डायफ्लुबेन्झुरॉन नावाचे एक औषध वेगळेच आहे. ते किड्याला नवी कात तयार करू देत नाही, म्हणून पिल्लू कात टाकतानाच मरते. मोठ्या नाकतोड्याने कात टाकण्याचे काम आधीच उरकलेले असते, त्याला ते मारत नाही. म्हणजे हे जूनमध्ये गवतातल्या पिल्लांवर उपयोगी, सप्टेंबरमध्ये गव्हावर निरुपयोगी. औषध चांगले की वाईट, याचे उत्तर पुष्कळदा ‘कधी?’ या प्रश्नात असते.

आमच्या एका प्रयोगाला जागा दिली ती शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने. मुले त्यांना आजोबाच म्हणतात. फवारणीच्या आधी ते आमच्याबरोबर कडेने चालले आणि बिनऔषधाच्या तुकड्यांजवळ थांबले. म्हणाले, “हा गहू तुम्ही नाकतोड्यांना वाढून ठेवलात. तुम्हाला आकडा मिळेल, मला काय?” प्रश्न रास्त होता. ते तुकडे खाल्ले जाणार हे आम्हाला आणि त्यांना आधीपासून माहीत होते. भरपाई कागदावर ठरली होती. पण उगवलेले पीक डोळ्यांदेखत जाऊ देणे हे कागदावर ठरत नाही. आम्ही दोघेही शेतकऱ्यांच्या घरातले, आम्हाला ते समजत होते. आम्ही एवढेच म्हणालो, “या तुकड्यांशिवाय आम्ही जे काही सांगू तो आमचा अंदाज असेल. अंदाजावर तुम्ही दर वर्षी पैसे घालता आहातच.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठीक आहे. पण रोज मोजायला मीही येणार.” आणि ते आले. थंडी पडेपर्यंत आले.

त्या मोसमात त्यांना पटलेली गोष्ट कोणत्याही बाटलीवर लिहिलेली नव्हती. सगळ्या शेतावर फवारण्याची गरजच नव्हती. खाणारे कडेने येत होते. कडेचा शे-दीडशे फुटांचा पट्टा आणि लगतचे गवत एवढेच सांभाळले, तेही कोंब फुटण्याच्या सुमाराला, तर पुरत होते. शक्य तिथे कडेच्या ओळी उशिरा पेरायच्या, गारठा बाकीचे काम करतो. माळरानांसाठी वायोमिंगमधल्या संशोधकांनी अशीच युक्ती १९९० च्या दशकात काढली. एक पट्टा फवारायचा, एक सोडायचा. औषध निम्म्याहून कमी लागते, आणि सोडलेल्या पट्ट्यात पक्षी आणि नाकतोड्यांचे इतर शत्रू जगतात.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती भाषेची आहे. आपल्या गावाकडे ‘औषध मारलं’ असे म्हणतात. ‘कपाशीवर औषध मारलं, तुरीवर औषध मारलं.’ या लेखातही आम्ही तोच शब्द वापरला. पण शाळेतल्या मुलाला ‘औषध’ म्हटले की खोकल्याची बाटली आठवते. औषध माणसाला बरे करते. पंपातले पाणी मात्र विष असते. शब्द गोड असला की हात सैल सुटतो. माणूस हातमोज्याशिवाय कालवतो, वाऱ्याच्या तोंडावर फवारतो, त्याच कपड्यांत जेवायला बसतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. आम्ही अमरावतीकडचे. ती बातमी इथे वाचली तेव्हा आम्ही पहिला फोन गावी धाकट्या भावाला लावला. तो पाठीवरचा पंप घेऊन स्वतः फवारतो. तो म्हणाला, “वहिनी, इतक्या उन्हात तो मास्क अन् कोट घालून माणूस उभा तरी राहील का?” याला आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. इथे आम्ही ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसून फवारतो. औषधाप्रमाणे ठरलेले तास, कधी बारा, कधी चोवीस, फवारलेल्या शेतात साध्या कपड्यांत पाय ठेवता येत नाही. कापणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद, हेही डब्यावर छापलेले असते. विष तेच, पण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये काय आहे, यावर सगळे अवलंबून.

तेव्हापासून आम्ही भावाला दर मोसमाआधी फोनवर तीन गोष्टी विचारतो. डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे? भारतात तो लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, आणि लाल सर्वांत जहाल. वारा कुठून आहे? आणि आज फवारायलाच हवे का, मोजून पाहिलेस का? पहिल्या वर्षी तो कंटाळला. २०२० च्या मे महिन्यात मात्र त्याचाच फोन आला. टोळांचे थवे मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले होते, अमरावती, वर्धा, नागपूरकडे. “दादा, टोळ आले न बाप्पा!” मागे थाळ्या आणि डबे बडवण्याचा आवाज येत होता. संत्र्याच्या बागा वाचवायला अख्खे गाव जागे होते. त्या रात्री आम्ही त्याला औषधाचे नाव सांगितले नाही. कृषी अधिकारी येईपर्यंत थांब, त्यांच्या सांगण्याशिवाय काही कालवू नकोस, एवढेच सांगितले. तो थांबला.

कन्येचा एक प्रश्न उरतो, आणि वर्गातल्या इतर मुलांनाही तो पडेल. “नाकतोड्यांना मारायचंच का? त्यांना पण भूक लागते.” आम्ही तिला खोटे सांगत नाही. होय, आम्ही मारतो. पोळीसाठी कुणीतरी हे काम करते आणि ते आपल्या नजरेआड होते. आमच्या हातात एवढेच आहे की गरजेपेक्षा एकही जास्त मरू नये, मधमाश्या फुलांवर असताना फवारू नये, फवारणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी यावा. मोजायचे ते यासाठी. न मोजता मारणारा नेहमी जास्तच मारतो.

मुलांनो, तुमच्यासाठी एक गणित. १८ जागांवर मिळून ५४ नाकतोडे उडाले, तर एका चौरस यार्डात किती? उत्तर पुढच्या वर्गात ताईंना मराठीत सांगायचे, ‘सत्तावीस’ आणि ‘सदतीस’ यांत घोटाळा न करता! (अरेच्चा, उत्तर फुटले.) पालकहो, गॅरेजमध्ये किडे मारण्याच्या बाटल्या असतील तर आज त्यांच्यावरची बारीक अक्षरे वाचा, त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि घरात बोलताना त्यांना सरळ विष म्हणा.

सप्टेंबरच्या अखेरीस गहू उगवेल. ज्यांना मोजणीला यायचे असेल त्यांनी ताईंकडे नाव द्यावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. आपण फक्त न फवारलेल्या कडेने चालणार आहोत. दुपारी पिठलं-भाकरी आमच्याकडे.

— वर्गातले एक आईबाबा